रुग्णवाहिका उभी केली, पुढे काय? कबड्डी स्पर्धेतल्या वैद्यकीय तयारीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं एक क्रीडा मंडळ दर वर्षी प्रकाशझोतातली कबड्डी स्पर्धा भरवतं. तीन रात्री, दोन मॅट, चाळीसेक संघ, अंतिम सामन्याला तीन-चार हजारांची गर्दी. गेल्या वर्षी पकडीत एक चढाईपटू बेशुद्ध पडला. सगळे भोवती जमले, कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा हुंगवला आणि शेवटी चौघांनी हातापायाला धरून त्याला जीपमध्ये घातलं. पोरगा आज ठणठणीत आहे. यंदा मंडळाने एक डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका ठरवली आहे. सचिव विचारतात: एवढं पुरेसं आहे का? नसेल तर कमी खर्चात आणखी काय करता येईल?

पुरेसं नाही. मी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात काम करतो आणि मोसमात मैदानांवर वैद्यकीय जबाबदारी सांभाळतो, म्हणून हे जरा ठामपणे सांगतो. डॉक्टर आणि गाडी ठेवून तुम्ही साधनं जमवलीत. खेळाडू कोसळल्यावर पहिल्या तीन मिनिटांत कोण काय करणार हे अजून ठरलेलं नाही. ती तीन मिनिटं डॉक्टरच्या हातात नसतातच. डॉक्टर बहुतेक वेळा व्यासपीठावर पाहुण्यांच्या रांगेत बसलेला असतो, गळ्यात हार, हातात चहा. रुग्णवाहिका गेटच्या बाहेर, तिच्यापुढे लावलेल्या मोटारसायकलींच्या मागे. खेळाडूजवळ असतात ते पंच, दोन्ही संघ, प्रशिक्षक आणि गुणलेखक. तेव्हा योजना त्यांच्यासाठी करायची आहे.

हे फक्त गावच्या स्पर्धेचं दुखणं नाही. २५ नोव्हेंबर २०१४ला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर शेफील्ड शील्ड या ऑस्ट्रेलियातल्या देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेच्या सामन्यात फलंदाज फिलिप ह्यूजच्या मानेवर चेंडू आदळला. जगातल्या उत्तम मैदानांपैकी एक, जवळच मोठी रुग्णालयं. दोन दिवसांनी तो गेला. पुढे झालेल्या न्यायिक चौकशीत निष्कर्ष निघाला की मेंदूतला रक्तस्राव इतका मोठा होता की कोणतीही मदत त्याला वाचवू शकली नसती. पण त्याच चौकशीत दुसरीही गोष्ट नोंदली गेली: मैदानावरच्या कोणालाही वैद्यकीय मदत आत कशी बोलावायची हे ठाऊक नव्हतं, आणि रुग्णवाहिकेला फोन करणाऱ्याकडे दुखापतीची नीट माहिती नव्हती. पंचांना मदत बोलावण्याचं प्रशिक्षण द्यावं, ही शिफारस तिथूनच आली.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण पाहा. २ जानेवारी २०२३ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या सामन्यात डामार हॅमलिन या खेळाडूच्या छातीवर धडक बसली. तो उठला आणि क्षणात मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. तिथल्या तिथे छातीवर दाब देणं सुरू झालं, विजेचा झटका दिला गेला आणि पुढच्या मोसमात तो परत खेळला. त्या लीगमध्ये प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे वैद्यकीय लोक, पंच आणि रुग्णवाहिकेची माणसं एकत्र उभी राहतात. एकमेकांची ओळख करून घेतात, झटका देणारं यंत्र कुठे आहे, गाडी कुठून येणार, रुग्णालय कोणतं, हे मोठ्याने बोलून घेतात. यात पैसे लागत नाहीत. तुमच्या स्पर्धेत एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा: रोज पहिल्या सामन्याआधी दहा मिनिटं, मॅटच्या कडेला उभं राहून. पंच, त्या दिवशीचे प्रशिक्षक, डॉक्टर, रुग्णवाहिकेचा चालक, निवेदक आणि गेटवरचा स्वयंसेवक. चालकाला विसरू नका. त्याला बहुतेक स्पर्धांत कोणी विचारतच नाही, आणि वेळ येते तेव्हा तो जेवायला गेलेला असतो.

त्या दहा मिनिटांत ठरवायचं काय? आधी खूण. ढोल, शिट्ट्या आणि ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात हाक पोचत नाही. पंचांनी दोन्ही हात डोक्यावर उलटसुलट धरून फुलीची खूण केली की त्याचा एकच अर्थ: गंभीर आहे, सगळे आपापल्या कामाला लागा. साध्या दुखापतीसाठी वेगळी खूण ठेवा, नाहीतर दर पायमुरगळीला फुली दिसेल आणि तिसऱ्या दिवशी कोणी धावणार नाही. मग कामं, नावानिशी. ‘स्वयंसेवकांनी सहकार्य करावं’ ही घोषणा आहे, वाटणी नव्हे. एकजण खेळाडूजवळ थांबून सूत्रं हाती घेतो, त्याचा शब्द शेवटचा. दुसरा झटक्याचं यंत्र आणि प्रथमोपचाराची पिशवी घेऊन येतो. तिसरा फोन करतो आणि फोनवरच राहतो. चौथा गेट उघडतो व रस्ता मोकळा करतो. पाचवा, म्हणजे निवेदक, आधी लिहून ठेवलेली दोन वाक्यं वाचतो आणि गप्प बसतो. निवेदकाचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अशा वेळी माईकवरून ‘कोणी डॉक्टर असतील तर ताबडतोब या’ असा पुकारा होतो आणि डॉक्टर सोडून बाकी तीनशे लोक येतात.

दोन्ही संघांच्या खेळाडूंनी पाठ आत, तोंड बाहेर करून कडं करायचं. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला तेव्हा डेन्मार्कच्या खेळाडूंनी केलेलं कडं सगळ्या जगाने पाहिलं. मोबाईल अडवणं हा त्याचा एक भाग झाला; उपचार करणाऱ्याला हात हलवायला जागा मिळते, ही खरी कमाई. आणि खेळाडूंना काहीतरी काम मिळतं, नाहीतर तेच रडत, ओरडत मधे येतात. एरिक्सनला मैदानावरच झटका दिला गेला, रुग्णालयात नेण्याआधी तो शुद्धीवर आला होता.

हृदयाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथे मिनिटांचा हिशेब सगळ्यात कडक आहे. हृदय अचानक थांबलं आणि काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घसरते. म्हणजे १०८ची गाडी अगदी वेळेत, पंधरा मिनिटांत आली, तरी तोपर्यंत खेळ संपलेला असतो. तालुक्यातल्या खेळाडूला वाचवायचं तर ते मॅटवरच.

अडचण अशी की हृदय बंद पडलेला माणूस सिनेमातल्यासारखा शांत पडत नाही. पहिल्या मिनिटात हातपाय झटकले जातात, डोळे उघडे असतात, मधूनमधून घोरल्यासारखा, मासा पाण्याबाहेर तडफडावा तसा आचका येतो. लोकांना वाटतं फिट आली. कोणीतरी चमचा किंवा बोट तोंडात घालतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी ‘जीभ गिळली, जीभ ओढा’ म्हणून जबडा उचकटू लागतो. जीभ गिळली जात नाही. बेशुद्धीत ती मागे पडू शकते, आणि ती बोट घालून नव्हे तर हनुवटी वर उचलून पुढे येते. तोंडात बोट घातलेल्या दोन-तीन मिनिटांत खेळाडूचा मेंदू रक्ताविना राहतो.

म्हणून पंचांना आणि प्रशिक्षकांना मी एकच नियम पाठ करून घेतो. खेळाडू कोसळला, खांदे थोपटून मोठ्याने हाक मारली तरी प्रतिसाद नाही, आणि श्वास नेहमीसारखा चालत नाही, तर हृदय बंद पडलं आहे असं धरूनच चालायचं. नाडी शोधत बसू नका. घामेजलेल्या मानेवर, आरडाओरड्यात नाडी सापडल्याचा भास अनुभवी माणसालाही होतो. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेला माणूस उथळ दाबतो आणि त्याला ते कळत नाही. शिकलेला माणूस असेल तर तीस दाबांमागे दोन श्वास. नसेल तर नुसते दाब चालू ठेवा. कबड्डीची मॅट पुरेशी कडक असते, त्याला उचलून गादीवर किंवा व्यासपीठावर नेऊ नका. हृदय चालूच असताना चुकून दाबलं तर? तो कण्हेल, हात ढकलेल, तुम्ही थांबाल. बरगडी दुखेल कदाचित. उलट चूक झाली तर ती सुधारता येत नाही.

एईडी म्हणजे झटका देणारं यंत्र. चिकटपट्ट्या लावल्या की ते स्वतः ठोके वाचतं, गरज असेल तरच झटका सांगतं आणि पुढे काय करायचं ते बोलत राहतं. ते वापरायला डॉक्टर लागत नाही. किंमत लाखाच्या आसपास, म्हणून एका मंडळाला जड वाटतं हे खरं. मग तालुक्यातल्या दोन-तीन मंडळांनी मिळून घ्या, किंवा साखर कारखाना, बँक, मोठं खासगी रुग्णालय यांच्याकडून तीन रात्रींसाठी मागून आणा. आणल्यावर पट्ट्यांची मुदत आणि बॅटरीचा दिवा बघा. कुलपात ठेवू नका. पहिल्या दिवशी ते सचिवांच्या खोलीत कपाटात जातं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. ते गुणलेखकाच्या टेबलाखाली हवं, सोबत कात्री, कोरडा टॉवेल आणि दाढीचं पातं. घामाने निथळणाऱ्या छातीवर पट्टी चिकटत नाही.

महिलांच्या सामन्यांसाठी वेगळं बोलून ठेवा. मुलगी कोसळली की भोवतालच्या पुरुषांचे हात थबकतात. टी-शर्ट कापायचा की नाही या विचारात वेळ जातो. शर्ट कापायचा, संघाच्या मुलींनी कडं करायचं, जवळ असेल त्याने दाब सुरू करायचे, मग तो पुरुष असो वा बाई. हे आधी प्रशिक्षकांसमोर स्पष्ट सांगितलेलं असलं की त्या क्षणी कोणाला परवानगी मागावी लागत नाही.

किती वेळ दाब द्यायचे, असाही प्रश्न येतो. वैद्यकीय माणूस थांबा म्हणेपर्यंत. १७ मार्च २०१२ला लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात कोसळलेल्या बोल्टनच्या फॅब्रिस मुआंबाचं हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चालत नव्हतं. प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ मैदानात उतरला, वाटेत आणि रुग्णालयात प्रयत्न चालू राहिले, आणि तो वाचला. दुसरी बाजूही आपल्याजवळच आहे. ५ डिसेंबर २००४ला बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना मोहन बागानच्या गोलरक्षकाशी धडकला आणि तिथेच कोसळला. तो वाचला नाही. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये मैदानावरच्या वैद्यकीय सोयीबद्दल बरंच बोललं गेलं. तालुका पातळीवरच्या स्पर्धांपर्यंत त्यातलं फारसं पोचलेलं नाही.

आता मान. तुमच्या गेल्या वर्षीच्या खेळाडूबद्दल मला खरी काळजी वाटली ती इथे. कबड्डीत चढाईपटू डोकं खाली घालून मध्यरेषेकडे झेपावतो आणि वरून तीन-चार बचावपटू पडतात. मानेच्या मणक्याला इजा होण्याची ही अगदी जमलेली स्थिती. अशा खेळाडूला हातापायाला धरून उचललं की डोकं मागे लोंबतं, आणि तुटलेला मणका मज्जारज्जूवर सरकला तर चालता पोरगा आयुष्यभरासाठी खाटेवर जातो. तुमचा पोरगा ठणठणीत आहे ते उचलणाऱ्यांच्या कौशल्यामुळे नव्हे.

बेशुद्ध असेल, मान दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा हलवता येत नसतील, तर त्याला आहे तिथेच ठेवायचं. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत स्थिर धरायचं आणि मदत येईपर्यंत सोडायचं नाही. ‘उठ, काही झालं नाही’ म्हणत बसवायचं नाही. सामना थांबेल. थांबू द्या, दुसरी मॅट मोकळी आहे. हलवायचं झाल्यास डोकं, खांदे, कंबर आणि पाय एका रेषेत, एका माणसाच्या हुकमावर, कडक स्ट्रेचरवर. रुग्णवाहिका ठरवताना चालकाला विचारा की मधून दुभागणारं स्ट्रेचर गाडीत आहे का. एकच अपवाद लक्षात ठेवा. श्वास बंद असेल तर मानेपेक्षा हृदय आधी. त्याला सांभाळून उताणं करा आणि दाब सुरू करा.

डोक्याच्या मारात लोक फसतात ते खेळाडू उठून उभा राहतो म्हणून. भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा २० फेब्रुवारी १९९८ला ढाक्यात क्लब सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय क्षेत्ररक्षण करत होता. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला. थोड्याच वेळात प्रकृती ढासळली आणि २३ फेब्रुवारीला तो गेला. कवटीच्या आत रक्त साचायला वेळ लागतो. मधल्या काळात माणूस बरा दिसतो, बोलतो, हसतोसुद्धा.

त्यामुळे नियम कडक ठेवा. डोक्याला मार लागून क्षणभरही शुद्ध हरपली, गोंधळल्यासारखं झालं, तोल गेला, कितवा सामना, समोर कोण हे सांगता आलं नाही, तर तो खेळाडू त्या दिवशी परत मॅटवर येत नाही. बदली खेळाडू द्या. क्रिकेटने ऑगस्ट २०१९पासून अशी बदली अधिकृत केली आहे आणि पहिल्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रकात एक ओळ घाला की डोक्याच्या दुखापतीबद्दल डॉक्टरचा निर्णय अंतिम, त्यावर तक्रार चालणार नाही. ही ओळ नसेल तर उपांत्य सामन्यात, दोन गुणांनी मागे असलेल्या संघाचा प्रशिक्षक डॉक्टरला काय काय ऐकवतो ते मी ऐकलेलं आहे. खेळाडूला एकटं घरी पाठवू नका. रात्रभर कोणी सोबत हवं. उलट्या, वाढती डोकेदुखी, जास्त झोप, एका बाजूला कमजोरी, फिट, यातलं काहीही झालं तर सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात, सकाळची वाट न बघता.

उष्माघाताबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, कारण सामने रात्री आहेत. पण वजनी गटाच्या स्पर्धा असतील तर विचारायला हवं. किलोभर वजन उतरवण्यासाठी पोरं दिवसभर पाणी पीत नाहीत, जाकीट घालून उन्हात धावतात, काही तर जुलाबाच्या गोळ्या घेतात. संध्याकाळी वजन होतं आणि दोन तासांत ते कोरड्या अंगाने मॅटवर उतरतात. प्रशिक्षकांना हे माहीत असतं, सगळ्यांनाच असतं. वजन आणि पहिला सामना यांत पुरेसं अंतर ठेवणं संयोजकांच्या हातात आहे. जुलाबाची गोळी घेतल्याचं कळलं तर त्याला खेळवू नका.

श्रमाने आलेल्या उष्माघाताची खूण अंगाच्या तापापेक्षा वागण्यात दिसते. खेळाडू असंबद्ध बोलतो, अडखळतो, चिडतो, चुकीच्या दिशेने चालू लागतो आणि मग पडतो. अंग कोरडंच हवं असं नाही, घामाने चिंब असू शकतं. काखेतला थर्मामीटर अशा वेळी खोटं बोलतो, त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आधी थंड करा, मग हलवा, हा जगभर मान्य झालेला क्रम. मोठं टब नसेल तर ताडपत्री चालते: खेळाडूला मधे झोपवा, चारही कडा सहा जणांनी धरून वर उचला, त्यात पाणी आणि बर्फ ओता आणि हेलकावे देत राहा. तोंड पाण्याबाहेर, एकजण डोक्याशी. बर्फाची लादी रसवंतीवाल्याकडून किंवा मासळीबाजारातून संध्याकाळीच आणून भुशात ठेवा. अर्धी लादी पुरते. पंधरा-वीस मिनिटांत भान परतू लागतं किंवा थरथर सुरू होते, तेव्हा थांबवून गाडीत घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा इलेक्ट्रॉल घालू नका, ते फुप्फुसात जातं.

खांदा निखळणं, गुडघा, घोटा, बोट यांवर फार शब्द खर्च करत नाही. आधार द्या, बर्फ कापडात गुंडाळून लावा, खांदा बसवण्याचे मैदानी प्रयोग आणि तेलमालीश टाळा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका.

रुग्णवाहिकेकडे परत येऊ. ठरवण्याआधी गाडी डोळ्यांनी पाहा. प्राणवायूचा सिलिंडर भरलेला आहे का, त्याची किल्ली सोबत आहे का, श्वास देण्यासाठी तोंडाला लावायचा फुगा आहे का, चालकाबरोबर दुसरा माणूस आहे का. नुसती पांढरी ओम्नी आणि वर दिवा, एवढ्यासाठी तीन रात्रींचं भाडं देऊ नका. गाडी मैदानाकडे तोंड करून नव्हे, रस्त्याकडे तोंड करून उभी करा. तिच्यापुढे दोरी बांधा आणि दोरीपाशी एक माणूस बसवा. आणि सगळ्यात नावडता नियम: गाडी जखमीला घेऊन बाहेर पडली की दुसरी येईपर्यंत खेळ बंद. घोटा मुरगळलेला खेळाडू त्या गाडीतून जाऊ नये, त्याला मंडळाच्या कार्यकर्त्याच्या मोटारीतून पाठवा. तुमची ठरवलेली गाडी असली तरी १०८ला फोन करायचाच, कारण त्यांच्या सुसज्ज गाडीत अधिक साधनं आणि डॉक्टर असू शकतो. फोनवर सांगायचा पत्ता कागदावर लिहून ठेवा. रात्री अकराला, घाबरलेल्या पोराला ‘हायस्कूलच्या मागचं मैदान’ एवढंच सुचतं, आणि तालुक्यात हायस्कुलं चार असतात.

कुठे न्यायचं हेही आधी ठरवा, कारण सगळ्यात जवळचं रुग्णालय दर वेळी योग्य नसतं. ग्रामीण रुग्णालयात रात्री कोण आहे, सीटी स्कॅन कुठे चालू असतो, मेंदूचे शल्यविशारद कोणत्या गावात आहेत, हृदयाची नलिका उघडण्याची सोय किती अंतरावर. चार फोन करून हे कळतं. मैदान उसाला किंवा पडीक रानाला लागून असेल तर सर्पदंशाची लस कुठे मिळते तेही त्याच यादीत लिहा. गाडी लावायला अंधारात बांधावर गेलेला प्रेक्षक हाही तुमच्याच स्पर्धेचा रुग्ण असतो.

प्रेक्षकांचं खरंच विसरलं जातं. तीन-चार हजार लोकांत पन्नाशी ओलांडलेले, मधुमेहाचे, रक्तदाबाचे शेकड्यांनी असतात, आणि अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईला त्यांचंही हृदय धडधडत असतं. यंत्र त्यांनाही लागू शकतं. पंच आणि ज्येष्ठ पदाधिकारीही याच वयाचे असतात. मग गॅलरी. २२ मार्च २०२१ला तेलंगणातल्या सूर्यापेटमध्ये राष्ट्रीय कनिष्ठ गट कबड्डी स्पर्धेच्या उद्‌घाटनाला प्रेक्षकांची तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभराहून जास्त लोक जखमी झाले. एक डॉक्टर आणि एक गाडी तिथे काय करणार? गॅलरीची तपासणी लेखी करून घ्या, किती माणसं बसतील तो आकडा फलकावर लावा आणि तेवढी झाली की जिना बंद करा. बांबू बांधणारा ‘काही होत नाही’ म्हणतो, ती तपासणी नव्हे.

स्पर्धा एप्रिल-मेमध्ये असेल तर वळवाच्या पावसाचाही विचार हवा. वीज चमकून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर मैदान रिकामं करा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नका. लोखंडी खांब, प्रकाशझोतांचे मनोरे आणि मंडप हा आसरा नव्हे, शाळेची पक्की इमारत किंवा बंद गाडी हा आसरा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं, विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर घ्या. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो आणि छातीवर दाब देऊन असे लोक वाचतात.

नोंदणीच्या वेळी प्रत्येक खेळाडूकडून एक चिठ्ठी भरून घ्या: घरचा फोन, दमा किंवा फिट आहे का, औषधाची अ‍ॅलर्जी, खेळताना कधी चक्कर येऊन पडला का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का. शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर त्याला ईसीजी आणि तपासणी झाल्याशिवाय उतरवू नका. इटलीत १९८२पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. आपल्याला ते सगळ्यांसाठी जमणार नाही, पण दोन प्रश्न विचारायला कोणाची हरकत नसावी.

हे सगळं एका कागदावर, मोठ्या अक्षरांत मावलं पाहिजे: खूण, पाच नावं आणि त्यांचे फोन, मैदानाचा पूर्ण पत्ता, गेट कोणतं व चावी कोणाकडे, यंत्र कुठे, दोन रुग्णालयं आणि त्यांचे रात्रीचे क्रमांक. तो गुणलेखकाच्या टेबलावर, गेटवर, निवेदकासमोर आणि रुग्णवाहिकेच्या काचेवर चिकटवा. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून काम झालं असं समजू नका.

आणि तालीम घ्या. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एका पोराला मध्यरेषेवर झोपवा, शिट्टी वाजवा, घड्याळ लावा. पहिल्या खेपेला गेटची चावी सापडणार नाही, स्ट्रेचर दोन बाकांमधून वळणार नाही, यंत्र आणणारा चुकीच्या मॅटकडे धावेल. लोक हसतील, हसू द्या. बाक हलवा आणि परत करा. फुलीची खूण झाल्यापासून छातीवर पहिला दाब दहा-पंधरा सेकंदांत आणि यंत्राच्या पट्ट्या तीन मिनिटांच्या आत, एवढं जमेपर्यंत.

खर्चाचं विचारलंत म्हणून सांगतो. छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण द्यायला जवळचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा डॉक्टरांची तालुका संघटना बहुधा आनंदाने येते, अर्धा दिवस पुरतो, आणि पंच व प्रशिक्षकांना ते सक्तीचं करा, प्रवेशिकेसोबत. कडक स्ट्रेचर, कात्री, ताडपत्री, बर्फ, कागद यांचा खर्च पाहुण्यांच्या फेट्या-शालींपेक्षा कमी येईल. डॉक्टर मानधन न घेता येणार असतील तरी त्यांना पत्र द्या आणि त्यात लिहा की बसण्याची जागा मॅटच्या कडेला, गुणलेखकाशेजारी आहे. सत्कार करायचाच असेल तर सामना संपल्यावर करा. ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणं आणि १०८च्या जिल्हा कार्यालयाला स्पर्धेच्या तारखा, वेळ आणि अपेक्षित गर्दी आठवडाभर आधी लेखी कळवा आणि पोच घेऊन फाईलला लावा.